सामावण्याची अट

बाहेरून आलेल्या माणसाने आपल्यात मिसळण्यासाठी नेमके किती बदलावे? अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या ॲमी वॅक्स या प्राध्यापिकाबाईंच्या मतांवरून या प्रश्नाचा बराच गदारोळ झाला. २०१७ साली त्यांनी एका सहलेखकासह लिहिले, की सगळ्या संस्कृती आधुनिक जीवनाला सारख्या उपयोगी नसतात. कष्ट, काटकसर, संसार टिकवणे या सवयींनी समाज तरतो. आपल्याकडची कोणतीही आजी याहून वेगळे सांगणार नाही. पण २०१९ मध्ये त्या पुढे गेल्या. गोरे अधिक आणि इतर कमी असतील तर देशाचे बरे होईल, असाच आपल्या भूमिकेचा परिणाम निघतो, हे त्यांनी बोलून दाखवले. पुढे आशियाई लोकही कमीच यावेत, म्हणाल्या. २०२४ मध्ये विद्यापीठाने अर्ध्या पगारावर वर्षभराचे निलंबन जाहीर केले. शिक्षेने मत खोडले जात नाही, असे मला वाटते. पण तो वेगळा विषय.

सवय शिकता येते, जन्म बदलता येत नाही. जी अट कितीही धडपडून पुरी होणार नाही, तिला अट कशी म्हणायची? ते दार बंदच असते.

आता आपला पेडणे महाल. १७८८ साली तो सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला. १८७० पासून गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहिता लागू झाली, तरी १८८० मध्ये हिंदूंच्या काही रूढी राखणारा हुकूमनामा काढावा लागला. कायदा एक, देवघरे वेगळी, एवढे परक्या सत्तेलाही पटले होते. पुढे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात पेडण्याने विलीनीकरणाला भरभरून मते दिली आणि गोव्याने ते ३४,०२१ मतांनी नाकारले. तेव्हापासून मराठीत लिहिणारा पेडणेकर कित्येकांच्या लेखी अर्धा 'भायलो'च. पिढ्यान् पिढ्या इथल्याच मातीत गेल्या, तरी!

ज्याने हे सोसले त्याने तरी जपून बोलावे. पण आपल्या बाजारात काय ऐकू येते? बांधकामावर राबणारा कर्नाटकातला, बिहारातला मजूर 'घाटी'; त्याने आपली भाषा शिकावी, आपल्यासारखे वागावे. मोरजी-हरमलला डोंगरउतारावर बंगले बांधणाऱ्या दिल्लीकराला मात्र अशी अट कोणी घालत नाही. मोपाचा विमानतळ झाल्यापासून जमिनीचे भाव चढले, शेते हातची गेली, ही धास्ती खोटी नाही. ती रास्तच आहे. पण जमीन घेतली पैसेवाल्याने, विकली आपल्यातल्याच कोणी, आणि राग निघतो तो पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्यावर.

भाषेचे म्हणाल, तर त्याच मजुरांची मुले आज सरकारी मराठी शाळांत बाराखडी गिरवताना दिसतात. आमची नातवंडे तोवर इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढलेली असतात.