यंत्राची साक्ष आणि आपला निवाडा

कार्य पाहून कारणाचें अनुमान करणें हा मनुष्याच्या बुद्धीचा नित्याचा व्यवहार आहे; परंतु ह्याच व्यवहारांत अन्यायाचेंही बीज असतें. घरोघरच्या मोटारींत हल्लीं घडणारा एक साधा प्रसंग ह्या दृष्टीनें विचार करण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें.

चढावर मोटारीचा जोर एकाएकीं ओसरतो, समोर इंजिनाचा दिवा लागतो आणि तपासणीचें यंत्र 'पी ०२९९' असा संकेत दाखवितें. त्याचा अर्थ, टर्बोचा दाब अपेक्षेहून कमी. हें वाचतांच टर्बो गुन्हेगार ठरतो. नव्या टर्बोपायीं मध्यम स्थितीच्या कुटुंबाची शिल्लक खर्चीं पडते. आणि कित्येकदां तो बसवूनही दिवा पुन्हा लागतो.

असें कां व्हावें? इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर टर्बोचें एक चक्र फिरतें. त्याच दांड्यावरील दुसरें चक्र बाहेरची हवा ओढून दाबतें. ही हवा नळ्यांतून व इंटरकूलरमधून इंजिनांत जाते. तेथील दाब सेन्सर मोजतो, आणि तो अपेक्षेहून कमी राहिला म्हणजे संगणक संकेत नोंदवितो. तेव्हां संकेत सांगतो तो केवळ परिणाम. नळीला चीर गेली, फिल्टर तुंबला, वेस्टगेटची झडप उघडी राहिली, किंवा खुद्द सेन्सरच खोटें बोलला, तरी साक्ष अक्षरशः तीच!

ही अडचण नवी नाहीं. नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाला असें म्हणावें, तर पाणी अडविल्यानेंही नदी फुगते, हा आक्षेप गौतमाच्या न्यायसूत्रांत आला आहे. भाष्यकार वात्स्यायनाचें उत्तर असें कीं, नुसती वाढ हें चिन्ह नव्हे. प्रवाहाचा वेग, फेंस, वाहून येणारीं पानें व लाकडें पाहावीं. गॅरेजांतही हाच न्याय लागू आहे. इंजिन बंद असतां सेन्सर वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीस सुमारें १०० किलोपास्कल, दाब दाखवितो काय? नळ्यांत धूर सोडला तर तो कोठून निसटतो? टर्बोचा दांडा हातास किती हलतो?

कोणी म्हणेल, इतका संशय घेत बसल्यास निर्णय व्हावा केव्हां? आक्षेप रास्त आहे. दिव्याकडे डोळेझांक करणें हाही न्याय नव्हे. टर्बोंतून गळणारें तेल ओढून डिझेल इंजिन अनावर धांवूं शकतें. म्हणून संशयास क्रम पाहिजे: चुकली तरी थोडी हानि करणारी तपासणी आधीं, माघार घेतां न येणारा उपाय शेवटीं. संकेत नुसता पुसून टाकणें म्हणजे तर साक्षीदाराचें तोंड दाबणें होय.

परंतु दोष एकट्या कारागिराचा नाहीं. "अजून कळलें नाहीं, शोधावयास वेळ लागेल," असें म्हणणाऱ्यास आम्ही अडाणी ठरवितों. तत्काळ सुट्या भागाचें नांव घेणाऱ्यास तज्ज्ञ समजतों. वस्तूचे पैसे आम्ही मुकाट्यानें देतों, शोधाचे देतांना मात्र घासाघीस करतों. मग आम्हांस खरें कोणी कां सांगावें?

घरांत वस्तु हरवली कीं ज्याचें नांव प्रथम निघतें तोच चोर, ही रीतही ह्याच जातीची. टर्बोवर व्यर्थ आळ आल्यास पैसा जातो; माणसावर आल्यास जें जातें, तें कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.