फळ आणि दक्षिणा

मुंबईच्या कोट भागातल्या ज्या कचेरीत माझ्या नोकरीची अखेरची वर्षे गेली, तेथे दुपारी दीड वाजला की दप्तरखान्यालगतची दोन मेजे एकमेकांना जोडली जात, त्यांवर जुनी वर्तमानपत्रे अंथरली जात, आणि ज्या सात-आठ जणांचे डबे त्यांवर उघडत त्यांच्यात पगारपत्रकाच्या दृष्टीने पाहता दोन जाती होत्या: एक कायम नेमणुकीची, जिचे वेतन महिन्याच्या पहिल्या तारखेस बँकेत जमा होई, आणि दुसरी कंत्राटी, जिचे वेतन कंत्राटदाराचे देयक मंजूर होईल तेव्हा, म्हणजे बहुधा बारा आणि वीस या तारखांच्या दरम्यान केव्हातरी येई. या दोन जाती एका मेजाशी आल्या त्या कोणा समाजसुधारकाच्या उपदेशाने नव्हे. कंत्राटी मंडळी ज्या खोलीत बसत तेथला पंखा वैशाखात बंद पडला, दुरुस्तीचा प्रस्ताव रीतसर वर गेला, आणि तो मंजूर होऊन खाली येईपर्यंत एकत्र जेवण्याची सवय पक्की झाली होती.

बोलणे अर्थातच कामाचे नसे. कंत्राटदाराने आपल्या माणसांना फिकट निळ्या रंगाचे, खिशावर स्वतःचे नाव विणलेले, दोन सदरे दिले होते. 'दिले' हे क्रियापद मी केवळ सौजन्यापोटी वापरतो, कारण त्यांची किंमत पहिल्याच महिन्याच्या पगारातून वजा झाली होती. कापड असे की उन्हाळ्यात अंगाला चिकटावे आणि आषाढात दोन-दोन दिवस वाळू नये. दप्तरखान्यात काम करणारा एक तरुण, ज्याच्या डब्यात आठवड्यातून तीन दिवस शेपूची भाजी असे, तो मला एकदा म्हणाला, "काका, तुमचं अवघड आहे. रोज सकाळी ठरवायचं, आज कोणता घालू. आम्हांला ती चिंताच नाही." सगळे हसले. मग कोणी विचारले, हातात किती येतात? तेव्हा भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब निघाला: कर्मचाऱ्याचे शेकडा १२ आणि मालकाचे शेकडा १२, असे कायदा सांगतो, पण करारात ठरलेल्या एकाच रकमेतून दोन्ही बारा कसे निघतात, हे त्या मुलांनी मला वर्तमानपत्राच्या कडेवर मांडून दाखविले. मी बत्तीस वर्षे हिशेब तपासले होते. तरी ही वजावट मला नवी होती.

वेदान्तात 'उपाधी' नावाचा एक शब्द आहे. घटामुळे आकाश घटाएवढे भासते, वस्तुतः ते अखंड आहे. घट ही उपाधी. मराठीने या शब्दाला आणखी दोन अर्थ दिले, पदवी आणि ब्याद, आणि ते तिन्ही अर्थ त्या निळ्या सदऱ्याला एकसमयावच्छेदेकरून लागू पडत होते. काशीच्या वाटेवर शंकराचार्यांनी चांडाळाला दूर हो म्हटले, तेव्हा त्याने विचारले की दूर कोणी व्हायचे, अन्नमय देहाने की चैतन्याने. आणि आचार्य निरुत्तर होऊन त्यांच्या मुखातून मनीषापंचक प्रकट झाले, अशी संप्रदायातील कथा आहे. कथा उदात्त आहे यात संशय नाही. परंतु वयोमानाने माझी दृष्टी कारकुनी झाली असल्यामुळे म्हणा, मला नेहमी वाटते की दुसऱ्या दिवशी त्या चांडाळाला त्याच वाटेवर काय अनुभव आला, याची नोंद कोणी ठेवावयास हवी होती.

आपल्या परंपरेचा आणि पगाराचा संबंध मला खरा जाणवला तो एका अर्जाच्या निमित्ताने. वेतन निदान दहा तारखेच्या आत मिळावे, इतकीच विनंती करणारा एक अर्ज कंत्राटी मंडळींनी वरिष्ठांकडे नेला. वरिष्ठ सज्जन होते, सकाळी पूजा करूनच कचेरीत येत. त्यांनी अर्ज वाचला, वेतन देणे हे कंत्राटदाराचे काम असल्याचे सांगितले, आणि निरोप देताना गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन म्हणाले की माणसाने कर्म करीत जावे, फळावर दृष्टी ठेवू नये. अर्जावर 'दप्तरी दाखल' असा शेरा पडला. त्या दिवशी डबे खाताना कोणी फारसे बोलले नाही.

त्या वरिष्ठांनी केलेली चूक क्रौर्याची नव्हती, शास्त्राची होती. आणि ती आपण सारेच इतक्या सहजपणे करतो की तिचा तपशील पाहणे अवश्य आहे. वेतन म्हणजे फळ, असे त्यांनी गृहीत धरले. आता कर्म आणि त्याचे फळ यांचा सर्वांत काटेकोर, जवळजवळ न्यायालयीन विचार ज्या मीमांसकांनी केला, ते काय म्हणतात? यज्ञाची सारी मेहनत ऋत्विज करतात. आहुती तेच टाकतात, मंत्र तेच म्हणतात. तथापि यज्ञाचे फळ, म्हणजे स्वर्ग, ते यजमानाचे. मग ऋत्विजांना मिळते ती दक्षिणा कोणती वस्तू? ते दान आहे काय? जैमिनीच्या सूत्रांचा निर्णय असा की ते दान नव्हे, तो परिक्रय आहे. म्हणजे माणसाचे श्रम काही काळापुरते विकत घेण्याचे मूल्य. फळ वेगळे आणि दक्षिणा वेगळी. फळाची आशा सोड, असे ऋत्विजाला सांगणे निरर्थक आहे, कारण फळ त्याचे नव्हतेच. आणि दक्षिणेची आशा सोड, असे त्याला शास्त्रात कोणी सांगितलेले नाही. निष्काम व्हायचेच तर ती पाळी यजमानाची आहे.

सोमयागातही सोळा ऋत्विजांना समान वाटा नसे, हे मी लपवू इच्छीत नाही. होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा हे चार प्रमुख. त्यांच्या हाताखालच्यांना अनुक्रमे अर्धा, तिसरा आणि चौथा हिस्सा, आणि त्यावरून त्यांना नावेच पडली होती, अर्धी, तृतीयी, पादी. विषमता जुनी आहे. फरक एवढाच की पाव हिश्श्याच्या पादीलाही आपला पाव कशाचा पाव आहे हे ठाऊक असे. आमच्या दप्तरखान्यातल्या तरुणाला, आपल्या माथ्यावर कंत्राटदार सरकारकडून किती रक्कम उचलतो, याचा थांग नव्हता. आपल्या राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदाने समान कामास समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व ठरविले, आणि २०१६च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ते तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. पण ज्याचा मालक कागदोपत्री तिसराच कोणी आहे, त्याच्या ताटापर्यंत हे तत्त्व पोहोचेतो मध्ये किती हात लागतात, हे कचेरीत आयुष्य घालविलेल्यांना सांगावयास नको.

मग अनासक्ती ही पोटार्थी माणसासाठी नाहीच काय? आहे, आणि ती मी त्याच तरुणाच्या ठायी पाहिली आहे. त्याचे काम जुन्या सेवापुस्तकांची छाननी करण्याचे. पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीची, वाळवीने खाल्लेली ती पुस्तके तो एकेक पान झटकून, सुटलेली पाने क्रमाने लावून, फितीने बांधून ठेवी. ते कोणी तपासणार नव्हते. कधीकाळी एखादी वृद्ध विधवा कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी येईल आणि तिच्या नवऱ्याची नेमणुकीची तारीख त्यात सापडेल, एवढेच त्या श्रमाचे संभाव्य फळ. आणि तेव्हा तो तेथे नसणार हे त्याला पुरते माहीत होते. स्वतः त्याचे सेवापुस्तक मुळी नव्हतेच. त्याचा करार अकरा महिन्यांचा, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा नवा करार, पुन्हा पहिला दिवस. कर्मसिद्धान्ताप्रमाणे मेलेल्या माणसाचे संचितसुद्धा पुढच्या जन्मी त्याच्या खात्यावर ओढले जाते. कंत्राटाचा सिद्धान्त याहून कठोर आहे, त्यात पुनर्जन्म आहे पण संचित नाही. चार्वाकालाही हे सुचले नव्हते.

गीतेवरचे आपल्या भाषेतले दोन थोर ग्रंथ तुरुंगात घडले, ही गोष्ट मला या संदर्भात फार सूचक वाटते. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या कोठडीत लिहिले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांपुढे प्रवचने केली आणि सहबंदी साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बोलणारा आणि ऐकणारे एकाच भिंतीआड होते. ज्याचा त्याग सांगायचा ते सांगणाऱ्याच्याही हातून आधीच सुटले होते. पहिल्या तारखेला पगार घेणाऱ्याने पंधरा तारखेची वाट पाहणाऱ्याला तेच सांगितले, की शब्द तेच राहतात आणि त्यांतला धर्म मात्र निघून जातो. आमच्या वरिष्ठांनी दुसऱ्या अध्यायापाशी न थांबता सतराव्यापर्यंत जावयास हवे होते. तेथे तामस यज्ञाची लक्षणे सांगताना भगवंतांनी विधी, मंत्र आणि श्रद्धा यांच्या अभावाच्याच जोडीला आणखी दोन उणिवा मोजल्या आहेत: ज्यात अन्न वाटले जात नाही, आणि ज्यात दक्षिणा दिली जात नाही.

अन्नाचे म्हणाल तर तेथे आम्हीही निर्दोष नव्हतो. पगार झाला की एकदा बाहेर जेवायला जायचे, असा कायम मंडळींचा शिरस्ता होता, आणि तो दिवस स्वाभाविकच महिन्याच्या दोन किंवा तीन तारखेला येई. वर्गणी सर्वांना सारखी. कंत्राटी मुलांपैकी कोणाला त्या दिवशी संकष्टी असे, कोणाला नवसाचा गुरुवार, कोणाचे पोट बिघडलेले. पंचांगात संकष्टी नाही हे आम्हां सर्वांना कळत होते. वर्षभर आम्ही ते खोटे उपवास खरे मानले, कारण खरे मानण्यात आमचीच सोय होती. अखेर एका कायम बाईंनी, ज्यांना धर्मशास्त्राचा गंधही नव्हता, जेवणाची तारीख बावीसवर नेली आणि विषय संपविला.

रोजच्या मेजावर मात्र काला होई. पंढरपुरी आषाढी पौर्णिमेस गोपाळपूरला जो काला होतो त्याचे मर्म हेच की आपल्या घरची शिदोरी त्यात पुन्हा ओळखू येऊ नये. आमच्याकडेही शेपू कोणाचा आणि वांगे कोणाचे हे पाच मिनिटांनी सांगता येत नसे. त्याच पंढरपुरात महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता, १३३८ साली, भिंत कोसळून मजुरांसह ते गाडले गेले. आणि त्या ढिगाऱ्यातून नामदेवांनी त्यांची हाडे ओळखली ती कान लावून, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे परंपरा सांगते. हजेरीपट नव्हता, चेहरा उरला नव्हता, वस्त्र उरले नव्हते.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, श्रावणातल्या एका दुपारी, मी टपालाची पाकिटे टाकून कचेरीकडे परतत होतो. फाटकाबाहेरच्या कठड्यावर चौकटीच्या सदऱ्यातला एक इसम मांडीवर डबा घेऊन बसला होता. मी त्याच्याकडे पाहिले आणि, अर्जदार दिसतो, असे मनाशी म्हणून पुढे गेलो. फाटकाच्या आत पाऊल टाकले तेव्हा मागून हाक आली, "काका, आज माझा खंड आहे, पहारेकरी आत सोडत नाही. तुमचा डबा इकडेच घेऊन येता का?"