अळीचा वाटा

फुलपाखरू आवडत नाही असा मनुष्य विरळा. आणि अळी आवडते असा मनुष्य त्याहूनही विरळा. परंतु हे दोन निराळे प्राणी नव्हेत, एकच आहेत. तर मग एकाच जीवाच्या एका अवस्थेवर प्रीती करावी आणि दुसरीस पायाखाली चिरडावे, हे न्याय्य आहे काय? प्रश्न वरवर पाहता मुलांच्या करमणुकीचा दिसेल; पण आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांशी त्याचा निकट संबंध आहे, म्हणून तो आम्ही प्रिय वाचकांपुढे ठेवतो.

पाऊस ओसरू लागला म्हणजे अंगणातील झेंडूवर, सदाफुलीवर फुलपाखरे येतात. लांब सोंडेने मध पितात आणि निघून जातात. परंतु मादीस अंडी घालावयाची असली म्हणजे ती फुलाचा नाद सोडून पानाकडे जाते. पुढच्या पायांनी ती पान चाचपून पाहते, कारण चव ओळखण्याची शक्ती देवाने तिच्या पायांतही ठेविली आहे. प्रत्येक जातीचे झाड ठरलेले असते. काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेले जे फुलपाखरू आपण नेहमी पाहतो, ते लिंबू, कढीलिंब, बेल अशा झाडांवर अंडी घालते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली जे मोठे काळे-निळे फुलपाखरू राज्याचे म्हणून ठरविले, तेही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. तांबूस-केशरी रंगाचे एक फुलपाखरू रुईवर वाढते.

लिंबावरील ही अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पुढे ती हिरवी होते, आणि कोणी डिवचले तर डोक्यामागून तांबूस दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. तिच्यात मन रमावे असे काही नाही. ती खाते, आणि पुन्हा खाते. तरी शास्त्रज्ञ सांगतात की पुढे जे पंख व्हावयाचे, त्यांचे सूक्ष्म अंकुर ह्या कुरूप देहात आधीच असतात. कोशात ते वाढीस लागतात. म्हणजे जो अळी चिरडतो, तो पंखही चिरडतो.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. फुले लाविल्याने पाहुणे मिळतात. पाने खाऊ दिल्याने घरची माणसे मिळतात. घाणेरीचेच पाहा. उष्ण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेले हे झुडूप आज आपल्या रानांत व गायरानांत माजले आहे. तिच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी होते; परंतु त्यांची संतती सहसा तिच्या पानांवर पोसत नाही, आणि गुरांना तर तिचा पाला विषारी आहे. तेव्हा केवळ गर्दी हे कोणत्याही झुडपाच्या चांगुलपणाचे प्रमाण नव्हे.

आता आपल्या मंडळीकडे वळू. नाताळचे भजन, कीर्तन, प्रीतिभोजन ही आमची फुले होत. ती असावीत, त्यांनी लोक येतात. परंतु आलेला मनुष्य राहावा असे वाटत असेल, तर त्याने आमची काही पाने खाल्ली पाहिजेत. नवा विश्वासणारा कर्जात बुडालेला असतो. त्याची जुनी व्यसने एकदम सुटत नाहीत. तो उपासनेस उशिरा येतो, भांडण घेऊन येतो, आणि प्रश्न विचारून उपदेशकाची रात्र खातो. अशा वेळी आम्ही म्हणतो, “ह्याने मंडळीचे नाव घालविले.” आम्हांस पंख हवे असतात, पंख फुटण्यापूर्वीचे दिवस नको असतात. मोशेच्या नियमशास्त्रात शेताचे कोपरे कापू नयेत, ते गरिबासाठी व उपऱ्यासाठी ठेवावेत, अशी आज्ञा आहे. आमच्या वेळेला व आमच्या लौकिकाला असा न कापलेला कोपरा आहे काय?

येथे कोणी शेतकरी बंधू म्हणेल, “पाळकसाहेब, लिंबाच्या कोवळ्या रोपावर चारपाच अळ्या बसल्या तर रोप निष्पर्ण होते. ते मरू द्यावयाचे काय?” ह्या हरकतीत सत्य आहे. मोठे झाड दहावीस पाने देऊन पुन्हा फुटते; रोपाला ते साधत नाही. म्हणून रोपावरील अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवावी. तसेच माणसांतही समजावे. नवरा दारू पिऊन बायकोस मारतो, आणि मंडळीचे वडील तिला “बाई, सहन करा, तो सुधारेल” असे सांगून घरी पाठवितात. ही सहनशीलता नव्हे. दुसऱ्याच्या पानांवर उदार होण्यास काहीच लागत नाही. त्या बाईस व मुलांस प्रथम सुरक्षित करावे, आणि मग त्या मनुष्याच्या सुधारणेचा भार जे बलवान आहेत त्यांनी स्वतः वाहावा. अशक्तांचा भार सशक्तांनी सोसावा असे जे प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिले, त्याचा अर्थ हाच.

दृष्टांताला मर्यादा असते हे आम्ही जाणतो. अळी पाने खाते ह्यात तिचे पाप नाही. मनुष्याची गोष्ट निराळी. अळी आपोआप कोशात जाते. मनुष्यास पश्चात्ताप करावा लागतो, आणि कित्येक करीत नाहीत. परंतु कोण करील व कोण करणार नाही, हे आम्हांस आधी दिसत नाही. निष्फळ अंजिराच्या माळ्यालाही ते दिसत नव्हते. तरी त्याने आणखी एक वर्ष मागून घेतले, आणि ते वर्ष नुसते वाट पाहण्यात न घालविता भोवती खणण्याचे व खत घालण्याचे कबूल केले.

योनाची गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. किड्याने वेल खाल्ला म्हणून त्याला राग आला; पण निनवेतील एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची त्याला कीव आली नाही. आपल्या सावलीची पाने त्याला त्या नगरापेक्षा प्रिय झाली होती. आपणही आपल्या सावलीचा हिशेब पाहावा. ह्या आठवड्यात आपल्या वस्तीतील ज्या एका माणसाला मंडळीने मनातून सोडून दिले आहे, त्याच्या दारी उपदेशकाने एकट्याने न जाता दोघा वडिलांस बरोबर घेऊन जावे, आणि त्याच्यासाठी कोण किती पाने देणार हे जाण्यापूर्वी आपसांत ठरवावे.