काचेतल्या जिवांचा भार

‘तुम्ही जैन, आणि घरात मासे पाळता?’ हा प्रश्न मंदिरात भेटणाऱ्या बायकांनी मला अनेकदा विचारला आहे. तो टाळण्यासारखा नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठ केलेले असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यातला पहिलाच बंध, म्हणजे जिवाला कोंडणं. टाकी कितीही सजवली तरी ती कोंडणूकच, हे मी मान्य करते. पण बंध घडून गेल्यावर पुढे काय, याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

माझ्याकडचे मासे आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या जातीचे. हे सरोवर सुमारे १,४७० मीटर खोल. जगात त्याहून खोल फक्त बैकल. त्याच्या तळाशी निओथॉमा नावाच्या गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले असतात, आणि त्यांत हे इवलेसे सिक्लिड संसार थाटतात. नर जेमतेम चार सेंटिमीटर, मादी त्याहूनही लहान. शास्त्रीय नाव लांबलचक, म्हणून पाळणारे नुसतं ‘मल्टी’ म्हणतात. तोंडाने वाळू उचलून ते शंखाभोवती खड्डे करतात. मादी शंखातच अंडी घालते, आणि मोठी होत चाललेली पिल्लंही आईबापाच्या शेजारीच राहतात. एकत्र कुटुंबच म्हणा ना! मुलाने सहा आणले होते. तो नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि टाकी माझ्याकडे राहिली. शंख मात्र खानापूरकडच्या भातशेतात रिकामे पडलेले, तिथून वेचलेले.

खरी अडचण वाढीची आहे. सरोवरात मोठे मासे पिल्लं खातात. टाकीत खाणारं कुणी नाही, अन्न रोज मिळतं, मग सहाचे साठ व्हायला कितीसा वेळ? माशांच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया होतो. वाळूतले आणि फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. ते नायट्रेट पाणी बदलूनच कमी करावं लागतं. गर्दी वाढली की हे सगळं गणित कोलमडतं. बैलावर जादा ओझं लादणं हा अतिभार, तसंच टाकीत मावत नाहीत इतके जीव होऊ देणं हाही अतिभारच. ‘होऊ देत, जीव आहेत’ म्हणणाऱ्या दयेतून चौथा अतिचार घडतो.

मग बायका सांगतात, ‘किल्ला तलावात सोडून दे, पुण्य लागेल.’ हे मला पटत नाही. या माशांना कठीण, क्षारयुक्त पाणी लागतं, पीएच साधारण आठ ते नऊ. भलत्या पाण्यात ते तडफडून मेले, तर ते अभयदान कसलं? आणि समजा जगले, तर तिथल्या माशांचं काय? मोझांबिकची टिलापिया १९५२ साली आपल्या देशात आणली गेली. ती तळ्यानद्यांत पसरली आणि इथल्या माशांना जड गेली. आमच्या सासूबाई पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव त्याच विहिरीत परत सोडायच्या, दुसरीकडे कधीच नाही. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात, हा नियम त्यांनी कुठल्या शास्त्रज्ञाला विचारून पाळला नव्हता.

काही पाळणारे टाकीत एखादा शिकारी मासा ठेवतात. तो पिल्लं खातो, संख्या आटोक्यात राहते. निसर्गातही असंच चालतं, असं त्यांचं म्हणणं. पण सरोवरातला मासा आपल्या भुकेने खातो, तिथे मी नसते. टाकीत तो मी आणून सोडलेला असणार. कृत, कारित, अनुमोदित हे तिन्ही आपल्याकडे सारखेच मोजतात, तेव्हा ‘मी नाही मारलं, त्याने खाल्लं’ ही पळवाट उरत नाही.

एवढं बोलूनही माझे हात स्वच्छ आहेत असं नाही. जिवंत खाद्य मी देत नाही, पण डबीतल्या कोरड्या दाण्यात मासळीची पूड असतेच. माशांना उपाशी ठेवावं तर पाचवा अतिचार. या पेचातून पूर्ण सुटका मला दिसत नाही. गृहस्थाचं व्रत अणुव्रत आहे ते यासाठीच, असं मी समजते. पण अणु म्हणजे हिशेब नको, असं नव्हे.

म्हणून मी नवा मासा विकत घेत नाही. दाणा मोजून टाकते, दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलते. पिल्लं जास्त झाली की ज्यांची टाकी तयार आहे अशांनाच देते. मासा घाबरून शंखात शिरला की शंखासकट अलगद उचलायचा. कौतुकाने मागायला येणाऱ्या मैत्रिणींना मी एकच विचारते: ‘यांना पिल्लं झाली तर कुठे ठेवशील?’ उत्तर तयार नसेल तर चहा देते, मासे देत नाही.