धडा कुणापर्यंत पोचला नाही?

सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमध्ये घर शोधणारी मराठी कुटुंबं आधी शाळेचं मानांकन पाहतात. दहापैकी नऊ दिसले की जीव भांड्यात पडतो. काळजी रास्तच आहे, पण सुस्थितीतल्या, शिकलेल्या घरांची मुलं जिथे जातात तिथली सरासरी बहुधा वरच राहते. त्यात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे तो आकडा सांगत नाही. माझ्या मते शाळेचा कस लागतो तो एकाच ठिकाणी: ज्या मुलापर्यंत धडा पोचला नाही, त्याच्यासाठी ती काय करते.

बॉथेलमधूनच कारभार चालणाऱ्या नॉर्थशोअर शाळा-जिल्ह्यापुढे हा प्रश्न मार्च २०२० मध्ये उभा राहिला. करोनाच्या साथीत या जिल्ह्यानं शिक्षकांना घाईनं प्रशिक्षण दिलं, ५ मार्चला वर्ग बंद केले आणि ९ मार्चपासून सुमारे तेवीस हजार मुलांचं शिक्षण ऑनलाइन नेलं. अमेरिकेत इतक्या लवकर हे करणारे जिल्हे मोजकेच होते. पण त्याच आठवड्याअखेर त्यानं ते शिक्षण स्थगित केलं. विशेष गरजा असलेली मुलं, इंग्रजी नव्यानं शिकणारी मुलं, शाळेतल्या जेवणावर विसंबलेली मुलं यांना समान न्याय मिळत नव्हता.

काहींचं अडतं म्हणून सगळ्यांचं थांबवावं का, हा आक्षेप खरा आहे. थांबणं हे काही उत्तर नव्हे, आणि पुढे ऑनलाइन वर्ग पुन्हा सुरू झालेच. तरीही, बहुसंख्य मुलं शिकताहेत एवढ्यावर समाधान न मानणं मला मोलाचं वाटतं.

धडा न पोचलेल्या मुलांसाठी उत्तर कसं शोधायचं, हे महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवलं आहे. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. मुलांना आळशी किंवा पालकांना अडाणी ठरवून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. शाळाच त्यांनी कुरणावर नेली. बदलायचं होतं ते शिकवणाऱ्यानं.

आज कुरणं वेगळी आहेत. अपूर्णांकांशी अडलेलं मूल बॉथेलच्या उजळ वर्गातही गप्प बसलेलं असतं, आणि संध्याकाळच्या खासगी शिकवणीमुळे ते अडणं वर्गशिक्षकाला दिसतच नाही. म्हणून शिक्षकांना एकत्र बसून मुलांच्या वह्या वाचायला, एकमेकांचे तास पाहायला, चुकांमागचा विचार शोधायला कामाच्या वेळातच सवड हवी. ती सवड म्हणजे शाळेची चैन नव्हे, तेच शिकवण्याचं अर्धं काम आहे. आणि पालकसभेत आपण आपल्या मुलाच्या गुणांबरोबरच आणखी एक विचारायला हवं: वर्गात कोण मागे राहिलं आहे, आणि त्याच्यासाठी उद्या काय वेगळं होणार आहे? या प्रश्नाला नेमकं उत्तर देऊ शकणारी शाळाच पुढे असलेल्या मुलांनाही चांगलं शिकवते, कारण तिला शिकणं कुठे अडतं हे कळलेलं असतं.