वॉल्डनच्या कांठीं

दूरदेशीं भटकण्यापेक्षां आपल्याच अंतःकरणाचा शोध घ्यावा, असें ज्या पुस्तकानें सांगितलें, त्याच पुस्तकापायीं आज दरवर्षीं सुमारें पांच लाख माणसें एका तळ्याकडे धांव घेतात. ही गोष्ट थोडी विनोदाची व बरीचशी विचार करावयास लावणारी आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत काँकर्ड नांवाचें गांव आहे. त्या गांवापासून दीड मैलावर वॉल्डन तळें आहे. हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजीं या तळ्याकांठीं राहावयास गेला आणि दोन वर्षें, दोन महिने व दोन दिवस तेथें राहिला. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची. झोंपडी १० फूट रुंद, १५ फूट लांब. तिला खर्च आला अठ्ठावीस डॉलर व साडेबारा सेंट. हा जमाखर्च त्यानें पै न् पैचा छापला आहे. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत घरखर्चाचें टिपण देण्याचें धाडस फारसें कोणी करीत नाहीं. १८५४ सालीं निघालेल्या त्या पुस्तकाच्या दोन हजार प्रती खपावयास पांचएक वर्षें लागलीं. तेव्हां तळ्यावर गर्दी होईल अशी भीति कोणालाच नव्हती.

आम्ही तेथें गेलों तो दिवस उन्हाळ्यांतील सुटीचा होता. मोटारी उभ्या करण्याची जागा भरली कीं तेथील दरवाजा बंद करतात. त्यामुळें आम्हांस परत फिरून कांहीं वेळानें पुन्हां यावें लागलें. आंत शिरून पाहतों तों वाळूंत मुलें किल्ले बांधीत आहेत, छत्र्यांखालीं बायका फळें चिरीत आहेत, पाण्यांत शेंकडों डोकीं वरखालीं होत आहेत! आमच्या हातांत थोरोचें पुस्तक होतें; आणि मनांत पहिला विचार आला तो हा, कीं या लोकांचें येथें काय काम? त्या विचाराची आम्हांस पुढें लाज वाटली. प्रस्तुत लेख त्या लाजेच्या पोटींच जन्मला आहे.

कारण नीट पाहतां त्या ठिकाणीं उपरे होतों ते आम्हीच. थोरो रोज पहांटे उठून या तळ्यांत स्नान करीत असे, आणि त्या स्नानास तो धर्मकृत्यच मानीत असे. पोहणारा मनुष्य थोरोनें जें केलें तेंच करीत होता. तळ्याकडे पाठ करून पुस्तकांत तळें शोधणें मात्र थोरोनें कधीं केलें नसतें. शिवाय १९२२ सालीं इमर्सन व शेजारच्या घराण्यांनीं येथील सुमारें ऐंशी एकर जमीन राज्यास दिली, तेव्हां दानपत्रांत दोन गोष्टी एकत्रच लिहिल्या: इमर्सन व थोरो यांच्या काळचें वॉल्डन राखावें, आणि लोकांस तेथें पोहूं द्यावें, नाव वल्हवूं द्यावी, मासे धरूं द्यावे, वनभोजन करूं द्यावें. या दोन इच्छा एकमेकींशीं भांडणार हें उघड होतें, व त्या भांडल्याही. १९५७ सालीं अधिकाऱ्यांनीं स्नानासाठीं कांठ मोठा करण्याकरितां झाडें तोडलीं. प्रकरण न्यायालयांत गेलें. १९६० सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें अधिकाऱ्यांच्या विरुद्ध निकाल दिला. निकालानें झाडें वांचलीं. प्रश्न मिटला नाहीं.

थोरोचा एकांत निर्भेळ नव्हता, असें म्हणून त्याच्यावर ढोंगाचा आरोप करणारे पुष्कळ आहेत. तळ्याच्या पश्चिम टोंकावरून आगगाडी १८४४ पासूनच धांवत होती. झोंपडींत तीन खुर्च्या होत्या व कधीं कधीं पंचवीस-तीस पाहुणे एकाच वेळीं आंत मावत. घरच्या जेवणाला तो गांवांतही जाऊन येई. हें सर्व खरें आहे, पण आरोप आम्हांस पटत नाहीं. एकांत मैलांनीं मोजावयाचा नसतो. आम्हांस टोंचते ती गोष्ट निराळी आहे. याच रानांत थोरोच्या आधीं कॅटो इंग्रॅहॅम, झिल्फा व्हाइट, ब्रिस्टर फ्रीमन असे लोक राहून गेले. गुलामगिरीचा डाग लागलेलीं, गांवानें बाजूला टाकलेलीं हीं माणसें. त्यांनीं एकांत निवडला नव्हता. तो त्यांच्या वांट्याला आला होता. थोरोनें त्यांची आठवण एका प्रकरणांत जपली, हें त्याचें मोठेपण. परंतु साधेपणा ज्यानें हौसेनें पत्करला त्याची यात्रा भरते, आणि ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांच्या घरांच्या जागा विचारावयास पांच लाखांतील किती जण जातात? आम्हीही विचारावयास विसरलों.

या तळ्याचा आमच्या मुंबईशीं एक गंमतीचा संबंध आहे. १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत शंभर मजूर तळ्यावरील बर्फ कापावयास आले. बोस्टनचा बर्फ त्या काळीं गलबतांतून खरोखरच मुंबई-कलकत्त्यास येत असे. सकाळीं भगवद्गीता वाचणाऱ्या थोरोच्या मनांत आलें, कीं आतां मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील लोक आपल्या विहिरीचें पाणी पिणार! प्रत्यक्षांत सुमारें दहा हजार टनांची ती रास बाजारांत गेलीच नाहीं. तेथेंच पडून १८४८ च्या सप्टेंबरापर्यंत वितळत राहिली. पाणी आलें नाहीं. पुस्तक आलें, आणि त्याच्या मागोमाग उलट वाटेनें आम्ही त्या पाण्यापाशीं गेलों.

आणि त्या पाण्याचें आम्ही काय करतों? थोरोनें १८४६ सालीं दोर सोडून मोजलेलें तें १०२ फूट खोल तळें. त्यास न ओढा येऊन मिळतो, न त्यांतून ओढा बाहेर पडतो. त्यामुळें जें आंत पडतें तें बहुतांशीं आंतच राहतें. २००१ सालीं शास्त्रज्ञांनीं अंदाज केला, कीं उन्हाळ्यांत पाण्यांत मिसळणाऱ्या फॉस्फरसपैकीं अर्ध्याहून अधिक पोहणाऱ्यांच्या मूत्रांतून येत असावा. त्या फॉस्फरसावर शेवाळ पोसतें. यांत दुष्ट कोणी नाहीं. जो तो फक्त एकटा आहे, आणि एकट्यानें काय होतें असें प्रत्येकास वाटतें. पण हें वाचून नाक मुरडण्यापूर्वीं पुस्तकवाल्यांनीं पायांखालीं पाहावें. तळ्याभोंवतीं पाऊलवाटेच्या दोन्ही अंगांस तारा ताणल्या आहेत, त्या कां? झोंपडीची जागा पाहावयास जाणाऱ्या भक्तांच्या पावलांनीं उतार झिजून माती पाण्यांत जाते म्हणून. पोहणारा पाणी बिघडवतो, यात्रेकरू कांठ बिघडवतो. तेव्हां जागा भरतांच दरवाजा बंद करण्याची ती रुक्ष पद्धतच आम्हांस न्यायाची वाटूं लागली. ती कोणास पुस्तक वाचलें आहे काय असें विचारीत नाहीं. आधीं आला तो आंत, मागून आला तो बाहेर.

झोंपडीच्या धुराड्याचा पाया १९४५ सालीं खणून सांपडला. जवळच दगडांची एक रास आहे. १८७२ पासून येणारे जाणारे तिच्यावर एकेक दगड ठेवतात. आम्हीही एक दगड घेऊन उभे होतों. इतक्यांत ओल्या अंगाचा सात-आठ वर्षांचा एक मुलगा धांवत आला व आईला विचारूं लागला, “येथें कोणाला पुरलें आहे?” आई म्हणाली, “कोणालाच नाहीं. येथें एक मनुष्य राहात होता.” मुलानें त्या राशीकडे पाहिलें, मग खालीं चमकणाऱ्या पाण्याकडे पाहिलें आणि विचारलें, “मग तो येथून गेला कां?”

या प्रश्नाला थोरोनें दिलेलें उत्तर आम्हांस पाठ होतें. पण प्रश्न आम्हांस नव्हता, आणि मुलगा तोंवर पाण्याकडे पळालाही होता. हातांतला दगड आम्हीं जेथून उचलला होता तेथें परत ठेवला.