मसलतीतील मौन

दौंडहून शिरूरला जाताना चौफुला, न्हावरा अशी वाट धरून भीमा ओलांडावी लागते. काही वर्षे हा प्रवास मी एस.टी.ने नियमित केला. शिरूर म्हणजे जुन्या लोकांची घोडनदी. आज तिथे बाजारपेठ आहे, शाळा-महाविद्यालये आहेत. पण दोनशे वर्षांपूर्वी तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा मोठा तळ होता. ही परकी फौज इथे आली कशी, याचा विचार करू लागलो की एक प्रश्न मनात घर करून राही. राज्याच्या संरक्षणाचा निर्णय चुकला, तर दोष कोणाचा? राज्यकर्त्याचा, की त्याला सल्ला देणाऱ्यांचा?

आपल्याकडे याचे एक सोपे उत्तर तयार असते : राजा भला होता, दरबारी वाईट होते. दुसऱ्या बाजीरावाविषयीही असेच बोलले जाते. त्रिंबकजी डेंगळ्याने त्याला बुडवले, म्हणतात. परंतु त्रिंबकजीला मोठे केले कोणी? नाना फडणविसांसारखा अनुभवी कारभारी 1797 च्या अखेरीस कैदेत पडला. पुढे तो सुटला, पण पेशव्याचा विश्वास त्याच्यावर कधी बसला नाही. 1800 मध्ये नाना गेले. 1801 मध्ये बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. दुसऱ्याच वर्षी यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव झाला आणि बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. 31 डिसेंबर 1802 रोजी त्याने तह केला. संरक्षणासाठी कंपनीची फौज कायमची ठेवून घ्यायची आणि तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, असे ठरले. त्या तैनाती फौजेचे मुख्य ठाणे म्हणजे हेच शिरूर.

या तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्याच रात्री, 31 डिसेंबर 1817 ला, कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे ती बाजीरावाच्या सैन्याला भिडली. म्हणजे आपल्या रक्षणासाठी ज्या ठाण्याला जागा दिली, तेथूनच आपल्याविरुद्ध फौज आली. पेशव्याकडून लढणाऱ्यांत अरब होते. कंपनीकडून महार, मराठे, मुसलमान असे अनेक जातीधर्मांचे शिपाई होते. कोरेगावच्या स्तंभाकडे दलित समाज ज्या स्वाभिमानाने पाहतो, त्याचा अर्थ वेगळा आणि मोठा आहे. मला त्यातून एवढेच जाणवते की, ज्या राज्यात माणसाला माणूस म्हणून मान नाही, त्या राज्याचे संरक्षण कोणत्याही मसलतीने होत नसते.

कोणी म्हणेल, ती राजेशाही होती; आता कायदा आहे, परिषदा आहेत. जगातले सर्वांत बलाढ्य राष्ट्र घेऊ. अमेरिकेत 1947 च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. परराष्ट्रमंत्री, संरक्षणमंत्री यांनी राष्ट्राध्यक्षांबरोबर एकत्र बसून विचार करावा, हा हेतू. पुढे राष्ट्राध्यक्षांचा खास सुरक्षा सल्लागार आला. मंत्र्यांच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते, या सल्लागाराच्या नेमणुकीला लागत नाही. कोणाचे ऐकायचे, हे तिथेही अखेर एकच माणूस ठरवतो.

एप्रिल 1961 मध्ये केनेडींनी क्यूबाच्या निर्वासितांकरवी क्यूबावर हल्ला घडवला. तो सपशेल फसला. त्यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी या बेताला लेखी विरोध केला होता. पण प्रत्यक्ष बैठकीत ते गप्प राहिले आणि पुढे त्याची खंत त्यांनी स्वतःच मांडली. केनेडींनी मात्र सल्लागारांकडे बोट न दाखवता जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबात रशियन क्षेपणास्त्रे आढळली, तेव्हा अनेक सेनाधिकारी हवाई हल्ल्याचा आग्रह धरत होते. या वेळी केनेडी काही बैठकांपासून मुद्दाम दूर राहिले. आपल्यासमोर माणसे मोकळी बोलत नाहीत, हे त्यांना कळून चुकले होते. अखेर समुद्रात नाकेबंदी झाली, पडद्याआड बोलणी झाली आणि अणुयुद्ध टळले. माणसे बहुतांशी तीच होती; बदलली होती ती ऐकण्याची रीत.

आणि 2003 चे इराक? तेथे हजारोंच्या संख्येने फौज लागेल, काही लाख सैनिक लागतील, असे लष्करप्रमुख शिन्सेकी यांनी फेब्रुवारीत सिनेटच्या समितीपुढे सांगितले. काही दिवसांतच संरक्षण खात्याच्या उपमंत्र्यांनी ते जाहीरपणे खोडून काढले. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी युद्धाच्या परिणामांबद्दल बुश यांना खासगीत सावध केले होते. तरीही 5 फेब्रुवारी 2003 रोजी तेच संयुक्त राष्ट्रसंघात उभे राहिले आणि इराककडे संहारक शस्त्रे असल्याचे पुरावे मांडू लागले. मार्चमध्ये युद्ध सुरू झाले. त्या शस्त्रांचे साठे कधी सापडलेच नाहीत. ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग आहे, असे पॉवेल यांनी 2005 मध्ये मान्य केले. पण बगदादच्या ज्या घरांवर बॉम्ब पडले, त्या घरांतले कोणी या मसलतीला बसलेले नव्हते. किंमत नेहमी तेच मोजतात, ज्यांना कोणी विचारलेले नसते.

दौंडच्या चहाच्या टपरीवर त्या दिवसांत आम्ही बुश आणि पॉवेल यांना खूप नावे ठेवली. माझा आवाज सर्वांत मोठा असे. त्याच सुमारास मी एका छोट्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होतो. कार्यालयातून काही रक्कम नाहीशी झाली आणि संशय रात्रीच्या वॉचमनवर गेला. सगळे त्यांना चाचा म्हणत. ‘यानेच घेतले,’ अध्यक्ष म्हणाले. दोघांनी माना डोलावल्या. कपाटाची किल्ली आणखी एकाकडे असते, हे मला ठाऊक होते. पण अध्यक्षांनी माझ्या मुलाच्या प्रवेशासाठी खटपट केली होती. मी चहाचा कप उचलला आणि गप्प बसलो. चाचांना काढले. आठ महिन्यांनी हिशेब तपासताना कळले की रक्कम बँकेत भरली होती. नोंद करायची राहून गेली होती.

त्यानंतर एकदा चाचा दौंड स्टेशनवर भेटले. सलाम झाला. मग त्यांनी शांतपणे विचारले, ‘सर, तुम्ही होता ना त्या मीटिंगला?’ मी ‘हो’ म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारले नाही. मनमाडची गाडी आली, ते निघून गेले.

त्या दिवसापासून मी पॉवेल यांच्याबद्दल आवाज चढवून बोललेलो नाही.

‘मसलत’ हा शब्द मराठीत आला तो अरबीतून. तिथे त्याचा अर्थ हित, भलाई. आपण त्याचा अर्थ केला बेत, खलबत. सल्ला कितीही जणांचा घेतला, तरी निर्णयाची जबाबदारी वाटून कमी होत नाही. ती घेणाऱ्याचीच राहते, कारण कोणाला जवळ करायचे आणि कोणाला दूर ठेवायचे, हेही त्यानेच ठरवलेले असते. परंतु म्हणून सल्लागार सुटत नाही. शिन्सेकी बोलले, त्यांचे ऐकले गेले नाही. त्यांचा हिशेब चुकता झाला. ज्याला ठाऊक होते आणि जो गप्प राहिला, त्याचा हिशेब वेगळा लिहिला जातो, मग ती बैठक व्हाइट हाऊसमधली असो की आपल्या मोहल्ल्यातली.

आता कोणत्याही बैठकीत पटले नाही, तर मी तसे सांगतो आणि ‘माझा विरोध प्रोसिडिंगच्या वहीत लिहा,’ असा आग्रह धरतो. लोक मला आडमुठा म्हणतात. चाचांची नोकरी त्याने परत आलेली नाही.